मथुराबाईंचं चालणं

गोष्ट सुरू झाली ती अगदी साध्या कामानं. वरद जेऊरकरला त्या शनिवारी खिडक्यांवरच्या चादरी उतरवून धोब्याकडे टाकायच्या होत्या, एवढंच.

एप्रिलातली सोलापूरची दुपार. रस्त्यावर काळं कुत्रं नाही. फिजिओथेरपी कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरचा व्यायामाचा हॉल, तिथं वरद स्टुलावर चढून एकेक चादर सोडवत होता. आता तुम्ही विचाराल, हॉलच्या खिडक्यांना चादरी कशाला? आणि भिंतभर लावलेल्या आरशावरही चादरी कशाला? तर तेही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वरद तिथं शिकवायचा. बत्तीस वर्षांचा, हुशार, थोडा स्वतःवर खूश. माणसाची चाल मोजायची म्हणजे मोठ्या शहरांत छतभर कॅमेरे लावलेल्या प्रयोगशाळा लागतात. याच्याकडे काय होतं? पोरं खेळ खेळायला डोळ्यांवर चढवतात तो जाडजूड चष्मा, आणि त्याच्याबरोबर अंगाला बांधायच्या सहा चपट्या डब्या. एक डोक्याला, एक कमरेला, दोन हातांना, दोन पायांना. भिंतीवरच्या दोन ठोकळ्यांतून डोळ्यांना न दिसणारा उजेड खोलीभर फिरतो, तो डब्यांना लागतो, आणि कुठली डबी कुठं आहे हे संगणकाला कळतं. पडद्यावर काड्यांचा माणूस चालू लागतो. तोच चष्मा डोळ्यांवर चढवून पाहिलं, तर तो माणूस पुऱ्या उंचीचा होऊन तुमच्यासमोर खोलीत चालतो. फक्त दोन गोष्टींचं या यंत्राला वावडं, ऊन आणि आरसा. ऊन आलं की ते आंधळं होतं, आणि आरसा उघडा राहिला की एकाच्या जागी दोन डब्या दिसायला लागतात. म्हणून चादरी. सोलापुरात चादरींना काय तोटा?

असल्या स्वस्तातल्या खेळण्यानं महागड्या यंत्राचं काम करता येतं, हे वरदला सिद्ध करायचं होतं. तीस रुग्णांच्या चाली मोजून झाल्या होत्या, निबंध लिहून झाला होता, विभागप्रमुख शकुंतला मॅडमनी तो वाचून शाबासकीही दिली होती. पुढच्या महिन्यात पुण्याला परिषदेत तो वाचायचा, आणि मग नोकरी कायम. मोजणी संपली म्हणून तर चादरी उतरत होत्या.

दोन खिडक्या मोकळ्या झाल्या असतील नसतील, तेवढ्यात नागम्मा दारात आली. विभागात झाडलोट करणारी, वीस वर्षं तिथलीच झालेली बाई.

"सर, एक बाबा आलाय. करकंबचा. मथुराबाईचा नवरा म्हणतो."

वरदच्या हातातली चादर हातातच राहिली. तीस रुग्णांतलं तिसावं नाव मथुराबाईंचं होतं. आणि त्या नावानं जी चाल यंत्रात होती, ती मथुराबाईंची नव्हतीच.

ती वरदची होती.

आता हे कसं झालं ते ऐका. वरदच्या अंगात एक कला होती. तो कुणाचीही चाल हुबेहूब चालून दाखवायचा. अर्धांगाचा माणूस पाय कसा फेकतो, गुडघे झिजलेली बाई कशी डुलते, हे पुस्तकात वाचून पोरांच्या डोक्यात शिरत नाही. वरद दारापासून फळ्यापर्यंत चार पावलं टाकायचा, की वर्गाला कळायचं. कळायचं आणि हसूही यायचं. वरदला ते हसू आवडायचं, खोटं कशाला बोला? एखादा वर्ग हसला नाही तर तो थोडं जास्त करून दाखवायचा.

मथुराबाई फेब्रुवारीत पहिल्यांदा आल्या. साठीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, तोंडभर हसणाऱ्या. लहानपणीच पोलिओनं डावा पाय वाळलेला. त्या पायात जोर नाही, म्हणून दर पावलाला डाव्या हातानं मांडी दाबायची, गुडघा मागं ढकलायचा आणि मग पुढचं पाऊल. अशा चालीनं त्यांनी चार पोरं वाढवली होती, शेतात खुरपलं होतं, बाजारहाट केला होता. डब्या बांधून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "डाक्टर, त्यो आरसा तेवढा उगडा ठेवा की. मी कशी चालती ते मी कदी बगितलंच न्हाई."

वरदला नाही म्हणवेना. मोजणी बिघडणार हे ठाऊक असून त्यानं चादर बाजूला सारली. मथुराबाई आरशाकडे बघत अर्धा तास चालल्या, मध्येच थांबून म्हणाल्या, "आसं व्हय..." आणि पुन्हा चालल्या. चाल अर्थात वाया गेली. पडद्यावर काड्यांचा माणूस टोळासारखा उड्या मारत होता. वरदनं त्यांना मार्चमध्ये परत बोलावलं.

त्या आल्या. करकंबहून एसटी बदलून, उन्हातून, वेळेच्या आधी तासभर. वर्गाबाहेरच्या बाकावर बसल्या. आत वरद पोलिओ शिकवत होता, आणि हातानं मांडी दाबून चालायची ती चाल त्यानं मथुराबाईंचं नाव घेऊन दारापासून फळ्यापर्यंत चालून दाखवली. कमरेतला हेलकावा, मान पुढं काढणं, "आसं व्हय" म्हणणंसुद्धा. वर्ग खो खो हसला. दार उघडं होतं.

तास संपवून तो बाहेर आला तर बाक रिकामा होता.

"ती बाई दारात उभी होती सर," नागम्मा म्हणाली होती. "बघितली, आणि गेली."

त्यानंतर वरदनं दोनदा फोन केला. "येते की," असं मथुराबाई दोन्ही वेळा म्हणाल्या. तिसऱ्यांदा कुणा मुलीनं उचलला. "आजी वारली. सोमवारी."

वरद "अरेरे" म्हणाला. फोन ठेवला. आणि त्याच्या मनात पहिला विचार काय आला? एकोणतीस. तीसला एक कमी. हा विचार आपल्याला आला हे पुढं कितीतरी दिवस त्याला झोपू देत नव्हतं, पण आला खरा. त्याच दुपारी त्यानं हॉलचं दार आतून लावलं, सहा डब्या स्वतःला बांधल्या, डावा हात मांडीवर ठेवला आणि सहा फेऱ्या चालला. फाइलीला नाव दिलं, मथुराबाई.

तर त्या मथुराबाईंचा नवरा आता दारात उभा होता.

धोंडीराम नाव. सत्तरीचा, उंच, वाळून काटकी झालेला. पायातल्या वहाणा त्यानं बाहेरच काढल्या. हॉलमध्ये पाऊल टाकताना देवळात शिरावं तसा वाकला. वरदला कसंसंच झालं.

"तुमीच का वरद डाक्टर? ती लई सांगायची तुमचं."

"बसा काका. पाणी घ्या."

"न्हाई, घेतलं खाली." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "एक मागनं हुतं. ती म्हनायची, डाक्टरच्या पेटीत माजं चालनं ठेवलंय. चष्मा लावला की दिसतंय म्हनं. खरं हाय का?"

वरद हातातल्या चादरीची घडी घालू लागला.

"घरात फोटू हायत तिचं. पर समदं बसल्यालं. फोटू काडायचा म्हनला की ही आदी बसून घ्यायची. पाय दिसू ने म्हून. चालनारी ती कुटंच न्हाई बगा. चाळीस वर्सं म्होरं चालली, मी मागं. आता डोळं मिटलं तरी ध्यानात येत न्हाई नीट. येकदा दावा की."

खोटं बोलणं किती सोपं होतं! यंत्र बिघडलंय म्हटलं की झालं. वरद म्हणालाही, "काका, मशीन आज... बंद आहे."

"बरं," धोंडीराम म्हणाला. "मी थांबतो. पाचला हाय गाडी. न्हाईतर उद्याच्याला जाईन."

आणि तो थांबला. हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत. अशा माणसाला काय सांगणार? वरदला एकच भीती कुरतडत होती, त्या दिवशी मथुराबाईंनी घरी काय सांगितलं असेल? न राहवून त्यानं विचारलं.

"मावशी मार्चमध्ये इथं येऊन गेल्या होत्या... काही बोलल्या का?"

"बोलली की! हासत आली घरला. म्हनली, अवो, डाक्टर माजं चालनं पोरास्नी शिकवत्यात. भरल्या वर्गात. मला हात न लावता निस्तं बगून शिकलं ते, कसली नजर आसंल! मी म्हनलं, मग पोरं काय म्हनली? म्हनली, हासली. हासत्यालच की, हासन्यासारकंच हाय ते."

वरदला वाटलं, भुईनं आता पोटात घ्यावं.

"मग तिनं काय केलं ठावं हाय?" धोंडीराम सांगत होता. रागानं नव्हे, आठवणीनं. "दुसऱ्या दिसापास्नं आंगनात सराव. मांडीवरला हात काडायचा आन् सरळ चालायचं. पडायची, उटायची, पुन्ना पडायची. मी म्हनलं, आगं आता ह्या वयात कशाला? तर म्हनती, डाक्टरनी परत बोलिवलंय. आता सरळ चालूनच जाती. त्या पोरांनी बगावं. येक दिस भर उनात चाललं हुतं तिचं. दमली, उंबऱ्यावर बसली... बसली ती बसलीच."

हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. वरदनं मान वर केली नाही. तो उठला आणि उतरवलेल्या दोन चादरी मुकाट्यानं पुन्हा खिडक्यांवर चढवल्या. सांगून टाकण्यापेक्षा दाखवणं त्याला सोपं वाटलं. किती भेकड असतो माणूस!

चादरी चढल्या आणि हॉल काळोखला. भर दुपारी तिथं तिन्हीसांजेसारखं झालं. तापलेल्या सुताचा वास, रबरी चटयांचा वास, मालिशच्या तेलाचा वास. धोंडीरामनं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. पांढऱ्या विरळ केसांवरून वरदनं चष्मा चढवला.

"घाबरू नका हं काका."

"मी कशाला घाबरू? माजीच हाय की ती."

वरदनं फाइल लावली.

पडद्यावर काड्यांचा माणूस उभा राहिला. डावा हात मांडीवर गेला. पहिलं पाऊल, हेलकावा, दुसरं पाऊल. त्याच क्षणी वीज गेली. पंखा रखडत रखडत थांबला. संगणक आणि चष्मा बॅटरीवर होते, ते चालू राहिले. पडद्याचा निळसर उजेड तेवढा धोंडीरामच्या हनुवटीवर पडला होता.

"आली..." धोंडीराम म्हणाला. "आली की वो..."

त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला.

"व्हय. आशीच. डाव्या अंगाला झुकती आन् मग सावरती. व्हय व्हय..."

ज्यानं चाळीस वर्षं ती चाल मागून पाहिली, त्यालासुद्धा फरक कळला नव्हता. इतकी वरदची कला पक्की. दुसरं कुणी असतं तर मनातून सुखावलं असतं. वरदला मात्र ते ऐकवेना. चोरीचा माल घरधन्यानंच वाखाणावा, तसं ते होतं.

पंखा थांबल्यावर हॉल अगदी नि:शब्द झाला होता. आणि त्या शांततेत वरदला आवाज ऐकू आला. खर्र... टप. खर्र... टप. फरशीवरून पाय ओढल्याचा. यंत्र आवाज टिपत नाही. सहा डब्यांत कुठंच आवाज टिपायची सोय नाही. वरदनं पडद्याकडे पाहिलं. काड्यांचा पाय पुढं यायचा, आणि बरोब्बर तेव्हाच हॉलच्या मधोमध, काहीच नव्हतं तिथं, टप.

"काका... पुरे का?"

"थांबा की जरा."

तिसरी फेरी. चौथी. चौथ्या फेरीच्या वळणावर धोंडीराम श्वास रोखून म्हणाला, "हात काडला तिनं."

वरदनं पाहिलं. काड्यांच्या बाईनं डावा हात मांडीवरून उचलला होता. वरदनं तो उचलला नव्हता. सहाच्या सहा फेऱ्या त्यानं मांडी सोडली नव्हती, हे त्याला पक्कं आठवत होतं. हात हवेत लोंबकळला, बाई कोलमडली, सावरली, पुन्हा एक पाऊल. खर्र... खर्र... टप. पुन्हा कोलमडली. पुन्हा उठली.

पाचवी. सहावी. सहाव्या फेरीला फाइल संपायची होती. ती संपली नाही. बाई वळली आणि सातव्यांदा चालू लागली.

टप. टप. टप. टप.

आता पाय ओढल्याचा आवाज नव्हता.

"सरळ चालतीया!" धोंडीराम हसत होता का रडत होता, कळत नव्हतं. "बगा की डाक्टर! जमलं तिला... जमलं बगा!"

वरदच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगतो, त्या क्षणी भीतीपेक्षा लाज मोठी होती, आणि लाजेनंच त्याचं तोंड उघडलं.

"काका, ऐका माझं. त्या मावशी नाहीत. तो... तो मी आहे. मी त्यांची चाल मोजलीच नाही. त्या गेल्यावर मीच डब्या बांधून चाललो. नक्कल केली मी. वर्गातही मी नक्कलच केली होती, शिकवत नव्हतो... मी पोरांना हसवत होतो, काका."

धोंडीरामनं मान वळवली नाही. तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. ती ऐकतीया."

पावलं थांबली होती.

"थांबलीया," धोंडीराम कुजबुजला. "तुमच्याम्होरंच."

वरदसमोर काळोख होता. नुसता काळोख, आणि त्यात तेलाचा वास. पडद्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"तुमच्याकडं बगतीया, डाक्टर... कायतरी म्हना की तिला."

वरदनं ओठ हलवले. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. वर्गात तासभर बोलणारा माणूस, त्याला दोन शब्द फुटेनात.

"का वो?" धोंडीराम अगदी हळू म्हणाला. "तिला वाटतंय तुमी हासाल..."

मग दिवे लागले. पंखा घरघरला. पडद्यावर रिकामी फरशी होती आणि फाइल संपल्याची खूण.

धोंडीरामनं स्वतःच चष्मा काढला, डोळे पुसले, पटका बांधला. वरदचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ते हात गार होते, त्या उकाड्यातसुद्धा.

"काका, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. समदं न्हाई कळलं. पर मी बगितली तिला, मला आजून काय पायजे? देव तुमचं भलं करो."

आणि तो गेला. पाचची गाडी मिळाली त्याला. वरद खिडकीतून बघत राहिला, तो म्हातारा फाटकापर्यंत गेला तो मध्ये मध्ये थांबत, कुणाला तरी पुढं जाऊ देत असल्यासारखा.

रविवार वरदनं कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. जेवण गेलं नाही. ज्याची माफी मागायची त्यानं आशीर्वाद देऊन ठेवला, आता हे ओझं टाकायचं कुठं? संध्याकाळी त्यानं शकुंतला मॅडमना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, काही झाकलं नाही. तिसावी चाल माझी आहे, मथुराबाईंच्या केसपेपरवरची उंची घालून मी आकृती तेवढी ठेंगणी केली, पण कच्ची फाइल उघडलीत तर डोक्याच्या डबीची उंची पाच फूट नऊ इंच दिसेल, ती माझी. निबंध मागे घ्या. जी शिक्षा कराल ती मान्य. सोबत कच्ची फाइल जोडली आणि पाठवून दिलं. त्या रात्री तो जरा झोपला.

सोमवारी सकाळी तो कॉलेजच्या जिन्यात असतानाच मॅडमचा फोन आला. शकुंतला मॅडम म्हणजे कडक बाई. वरदनं छाती घट्ट केली.

"वरद, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"हो मॅडम. पत्र वाचलंत?"

"वाचलं, आणि फाइलही उघडली. तीनदा. उंची चार फूट दहा इंच आहे."

"नाही मॅडम, कच्च्या फाइलीत..."

"कच्च्याच फाइलीत. आणि तू पोलिओ म्हणतोस? या बाईची चाल तर सरळ आहे. दोन्ही पावलं सारखी, हात मोकळे. इतकी सरळ चाल तिसांत दुसरी नाही. तुझ्या चालीचं यात काहीच नाही, वरद. उगाच स्वतःवर काहीतरी ओढवून घेऊ नकोस. कामाचा ताण झालाय तुला. दोन दिवस रजा टाक."

फोन बंद झाला. वरद जिन्यात उभा राहिला. खाली पोरांची लगबग चालली होती, कुणीतरी डबा पाडला, कुणीतरी ओरडलं. नवऱ्यापुढं कबूल केलं, त्यानं आशीर्वाद दिला. मॅडमपुढं कबूल केलं, त्यांनी रजा दिली. मग राहिलं कोण? राहिला वर्ग. ज्यांच्यापुढं तिचं हसं केलं त्यांच्यापुढंच सांगायचं. मी तुम्हाला शिकवत नव्हतो, एका बाईची थट्टा करत होतो, ती बाई दारात उभी होती, आणि त्यानंतर ती काय करता करता गेली तेही ऐका. हे ठरल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं. घंटा झाली. तो वर गेला.

वर्ग भरलेला होता. पहिल्या बाकावर श्रावणी, नेहमीसारखी वही उघडून तयार. वरद दारातून आत शिरला आणि फळ्याकडे निघाला. मनात वाक्य जुळवलेलं होतं. मुलांनो, आज मला तुमच्याशी...

श्रावणीनं तोंडावर हात धरला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं, मग सगळा वर्ग. बाक बडवले. "सर, मथुराबाई!" एक मुलगा ओरडला. "काय भारी, सर! एकदम तशीच!"

वरद थांबला. त्याला कळेना. तो तर नुसता चालत आला होता.

मग त्यानं खाली पाहिलं. डावा हात मांडीवर होता. गच्च दाबलेला, बोटं पांढरी पडलेली.

"हसू नका," तो म्हणाला. "हसू नका रे, मी काही करत नाहीये..."

ते तर त्यांना आणखीच विनोदी वाटलं. श्रावणीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. वरदनं सगळा जोर एकवटून हात मांडीवरून उचलला. हात उचलला, आणि त्याचा डावा गुडघा मोडून तो फळ्याखाली पडला.

वर्गानं टाळ्या वाजवल्या.